मीठ वाढायचं काम

पंगत मांडली की मीठ वाढायचं काम घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराचं, ही आमच्या घरची जुनी रीत. आमटी-भाजीची भांडी जड, भाताला वाफ, तूप सांडलं तर बोलणी. मिठाचं तसं नाही, ते हलकं आणि गार, चुकलं तर फार तर जमिनीवर पडतं. पण मान मात्र त्याचा पहिला. ताट मांडलं की आधी मीठ, वरच्या कडेला, मधोमध, आणि मग बाकी सगळं. आमचा किशोर पाच वर्षांचा झाला तेव्हा सासूबाईंनी त्याच्या हातात पितळेची वाटी दिली, आणि तेव्हापासून सत्यनारायण असो, नवरात्रातली सवाष्ण असो की मळ्यात फुलं तोडायला येणाऱ्या बायकांचं जेवण असो, प्रत्येक ताटापुढं ओणवा होऊन, श्वास रोखून, तीन बोटांच्या चिमटीनं मीठ ठेवत पुढं सरकणारा तो मुलगा आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी सगळ्यांत शेवटी बसायची. माझ्या ताटात तो दोन चिमटी ठेवायचा. एकदा विचारलं, का रे, मलाच दोन का? तर म्हणाला, "तू बसेपर्यंत सगळं संपतं ना आई. मीठ तरी जास्त."

पुढं तो तेवीस वर्षांचा झाला, दाढी राखली, पण वाटी काही सोडली नाही. घरात आम्ही चौघंच जेवायला असलो तरी आमचे हे त्याला चिडवायचे, "बसा हो, मिठाचे मामलेदार आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." आणि निकिता, माझी मोठी मुलगी, मुद्दाम मोठा घास उचलायची, म्हणजे तो तिच्या हातावर चापट मारी.

आमचा मळा नाशिकजवळ, मखमलाबादच्या पुढं. गुलाब, शेवंती, बांधाच्या कडेला थोडी मेथी-कोथिंबीर. पहाटे फुलं बाजारात जातात आणि आठच्या आत माणसं परततात, असं आयुष्य इथं पिढ्यान् पिढ्या चाललंय. आता तिन्ही बाजूंनी उंच इमारती झाल्यात आणि संध्याकाळचं ऊन आमच्याकडे पोचेपर्यंत त्यांच्या गॅलऱ्यांमधले कपडे वाळवून येतं. मळ्याच्या मधोमध सासऱ्यांनी खोदलेली विहीर. काळ्या दगडाची, बावीस पायऱ्यांची. चौथ्या पायरीशी भिंतीत कोनाडा आहे, त्यात साती आसरांचे शेंदूर लावलेले सात गोटे. पाण्याच्या देवता त्या. घरात काहीही शिजलं तरी दुपारी बाराला दहीभाताचा घास आधी त्यांना. लग्न होऊन आले त्या दिवसापासून हा नेम मी मोडलेला नाही.

सासरे एक गोष्ट नेहमी सांगत. विहिरीची जागा दाखवायला पेठकडचा पुंजा नावाचा म्हातारा पाणाड्या आला होता. अनवाणी पायांनी सगळं रान हिंडला, एका जागी थांबला, जमिनीला कान लावला आणि म्हणाला, "वरची गंगा, आपली गोदावरी, उगवतीला जाते. हे खालचं पाणी मात्र मावळतीला चाललंय, समुद्राला. जाऊ द्या त्याला. तुम्ही नुसतं वाटेतलं घ्या." सासरे हसून सांगत आणि आम्हीही हसत असू. किशोर तेवढा हसत नसे. लहानपणी तो विहिरीच्या पायरीवर पोटावर पडून पाण्यात बोट बुडवायचा आणि विचारायचा, "आई, हे पाणी आत्ता इथं आहे, ते समुद्रात कधी पोचेल?" मी म्हणायची, "तू मोठा होशील तेव्हा."

आई काय काय बोलून जाते.

सात वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, तो तिघा मित्रांबरोबर कोकणात फिरायला गेला होता. दत्तजयंती होती. मी सुंठवडा करून ठेवला होता आणि देवापाशी दिवा लावत होते, तोच साडेपाचला त्याचा फोन आला. मागं लाटांचा आवाज, वारं.

"आई, इथं एक गंमत आहे. ओहोटी लागली की वाळू उघडी पडते आणि त्या वाळूतून गोडं पाणी बुडबुड करत वर येतं. समुद्रात, आई! इथल्या बायका हंडे भरून नेतात. मी प्यायलो. आपल्या विहिरीचं पाणी आहे हे."

"चल, काहीतरीच तुझं."

"शपथ! आपलं पाणी मी ओळखणार नाही होय? बाटली भरून घेतलीय, तूच पिऊन सांग."

"पाणी राहू दे, तू ये लवकर. सुंठवडा ठेवलाय."

"येतो ना. थोडं पुढं याहून मोठा झरा आहे म्हणतात, तो बघतो आणि निघतोच."

बाटली घरी आली. त्याच्या मित्रांनी आणून दिली, काठावर त्याच्या चपलांशेजारी होती म्हणून. तो आला नाही. अकरा दिवस होड्या फिरल्या, पोलीस फिरले, हे त्या किनाऱ्यावर उभे राहून राहून उन्हाने काळे पडले. काही म्हणजे काही मिळालं नाही. बाराव्या दिवशी घरातली वडीलधारी मंडळी हळू आवाजात पुढचं बोलायला लागली, तेव्हा मी उठून विहिरीत उतरले, ओंजळीत पाणी घेतलं आणि आसरांपुढं संकल्प सोडला: किशोर आपल्या हाताने माझ्या ताटात मीठ वाढेल, त्याच दिवशी मी मीठ खाईन. तोवर अळणी. बाटलीतलं चमचाभर पाणी त्याच दिवशी चाखलं. आमच्याच विहिरीचं होतं. बाटली देवघरात ठेवून दिली.

सात वर्षं मी साधं मीठ खाल्लं नाही, उपासाचं सैंधवही नाही. स्वयंपाक सगळाच अळणी करते, हे आपल्या हाताने वरून घेतात. निकिता नाशिक रोडला असते, शाळेत भूगोल शिकवते, आली की म्हणते, "माहेरी यायचं म्हणजे पर्समध्ये मिठाची पुडी." लोक कीव करतात, पण व्रताने माणसाचं काही जात नाही, उलट मिळतं. जिभेला धार आली माझ्या. पालकात मीठ असतं, दुधात असतं, माणसाच्या वरच्या ओठावर नेहमीच थोडं असतं. हे मला कळायला लागलं. आणि रोज सकाळी डोळे उघडले की वाटायचं, आज येईल. त्यात दुःख नव्हतं हो. सणाच्या आदल्या दिवशी वाटतं ना, तसं वाटायचं.

यंदा त्रिपुरी पौर्णिमेला मी नेहमीसारख्या दुपारीच पणत्या मांडून ठेवल्या. नैवेद्य दाखवायला उतरले तेव्हा पाणी नवव्या पायरीला लागलं होतं, म्हणून शेवटची ओळ आठव्या पायरीवर मांडली. कोरड्या पणत्या, कोरड्या वाती. संध्याकाळी तेल घेऊन उतरले तर पाणी खाली, बाराव्या पायरीवर होतं. आणि आठव्या पायरीवरच्या पणत्या काठोकाठ पाण्याने भरलेल्या होत्या. एकही कलंडलेली नव्हती. कुणीतरी हलक्या हाताने एकेक भरून पुन्हा जागच्या जागी ठेवावी, तशा.

मी वर येऊन यांना विचारलं, "दुपारी मोटर लावली होती का?"

"आज वीज कुठं होती दुपारी?" पेपरातून मान न काढता हे म्हणाले.

मी विषय वाढवला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून नैवेद्याच्या वेळी पाणी कितव्या पायरीला आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायला लागले. नऊ. नऊ. दहा. दहा. अकरा. अष्टमीला बारा. मला वाटलं, थंडी पडतेय, विहीर आटतेय, रीतच आहे. मग ती पुन्हा चढायला लागली. अकरा. दहा. अवसेला पुन्हा नऊ. पाऊस नाही, कालव्याला पाणी नाही, शेजारच्या इमारतींच्या बोअरवेल आटून टँकर यायला लागलेले, आणि आमची विहीर मात्र तिथी बघून चढत-उतरत होती. मग मी सकाळ-संध्याकाळही बघायला लागले. दिवसातून दोनदा चढायची, दोनदा उतरायची, आणि रोज थोडी उशिरा.

आमच्याकडे जहिदा येते, नवरदेवाच्या सेहऱ्यासाठी फुलं न्यायला. जुन्या नाशकात तिच्या घरच्यांचा सेहऱ्यांचा धंदा आहे, पण ती मूळची कोकणातली, खाडीकाठची. दोन दिवसांआड ओट्यावर बसून शेवंती निवडता निवडता आम्ही सुखदुःखाचं बोलतो. त्या दिवशी तिचं लक्ष कॅलेंडरकडे गेलं.

"वहिनी, हे काय लिहिलंय? दुधाचा हिशेब तर नाय वाटत."

मी सांगितलं. ती हातातली फुलं खाली ठेवून उठली, चष्मा पुसला, बोट लावून एकेक आकडा वाचला.

"हे कुठलं?"

"आपल्या विहिरीचं."

"थट्टा करताय गरिबाची."

"तुझी शपथ."

तिनं आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझ्या अब्बांची होडी होती. आमच्यात पोरांना पाढ्याआधी हे शिकवतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पुनवेला बाराच्या सुमारास. तुमचं सगळं तसंच आहे." आणि आवाज खाली आणून, कुणी ऐकत नसतानाही, "वहिनी, ही भरती आहे. विहिरीत."

त्या दुपारी मी नैवेद्य ठेवून ओंजळभर पाणी प्यायले. अवसेनंतरची द्वितीया होती, पाणी वर होतं. थंड, गोडं, नेहमीचं. आणि घोट गिळल्यावर, जिभेच्या अगदी कडेला, मीठ.

मी तिथंच पायरीवर बसले. आधी मनात आलं ते हेच, की माझं व्रत मोडलं. आणि मग मनात आलं ते दुसरं, ते इतकं गोड होतं की मी ते कुणाला सांगितलं नाही.

यांना पाणी दिलं. ते दोन घोट प्यायले, म्हणाले, "चांगलं तर आहे." निकिता आली तेव्हा तिनं विहिरीच्या पाण्याची एक बाटली भरून नेली, कुठून तरी तपासून आणली, कागद माझ्यापुढं ठेवला: पिण्यास योग्य. मग माझ्याशेजारी बसून, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं म्हणाली, "आई, नाशिक समुद्राहून सहाशे मीटर उंचावर आहे. जमिनीखालचं पाणी झिरपत झिरपत समुद्रात जातं, हे खरं. किशोर जे म्हणत होता तेही खरं, किनाऱ्याला असे झरे असतात. पण ते जातं, आई. येत नाही."

"जायची वाट असते तीच यायची असते गं," मी म्हटलं.

तिनं माझा हात धरला. ती भांडायला आली नव्हती, मला माहीत होतं. ती दुसराही एक कागद घेऊन आली होती, वकिलांकडचा अर्ज.

मळ्याच्या सातबाऱ्यावर सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं नातवाचं नाव चढवलं होतं. आता यांच्याच्याने मळा होत नाही, गुडघे गेलेत, शेजारच्या बिल्डरशी बोलणं झालेलं. विहीर बुजवून तिथं गाड्या लावायची जागा होणार होती. पण किशोरच्या नावाचं काय? माणूस सात वर्षं कुणाच्या पाहण्या-ऐकण्यात नसला तर कायद्याने तो गेला असं धरतात. अर्जावर आई-वडील दोघांची सही लागते, असं वकिलांनी सांगितलेलं. यांनी केली होती. माझी राहिली होती.

"मी नाही करणार," मी म्हटलं. "आई म्हणून मी लिहून देऊ, की तो नाही?"

तेव्हा हे आतून उठून आले. सात वर्षांत या विषयावर ते माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते, त्या दिवशीही बोलले नाहीत.

"मळ्याचं राहू दे. मळा गेला खड्ड्यात. अगं, सगळ्या देशातून माणसं आपल्या रामकुंडावर येतात, आपापल्या माणसाला पाणी द्यायला. आणि मी इथं चार मैलांवर राहून माझ्या पोराला ओंजळभर पाणी दिलेलं नाही. तू म्हणालीस तो येणार आहे, म्हणून थांबलो. पण तो तहानलेला असेल तर गं? सात वर्षं?"

इतकी वर्षं मी माझ्या मिठाची वाट बघत होते. त्यांच्या पाण्याचा विचार मी केला नव्हता.

मी म्हटलं, "पौर्णिमेपर्यंत थांबा. तिथीने त्या दिवशी सात वर्षं पुरी होतात. दुपारी भरती मोठी आहे. मी ताट ठेवीन. पाणी उतरल्यावर ताटात मीठ असलं तर सही नाही. नसलं तर तुम्ही म्हणाल तिथं सही करीन."

निकितानं यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "ठीक आहे." वेडीला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. पण मला ते खरे वाटले, आणि अजूनही वाटतात.

पौर्णिमेला गुरुवार आला होता, मार्गशीर्षातला. सकाळी घट मांडला, कहाणी वाचली. मग त्याच्या आवडीचं सगळं केलं: मुगाची खिचडी, वांग्याचं भरीत, शेवयांची खीर. सगळं अळणी. स्टीलचं ताट चिंचेने घासून लखलखीत केलं, वाढलं, वरची कडा मधोमध मोकळी ठेवली. अकराच्या सुमाराला उतरून ते नवव्या पायरीवर ठेवलं आणि वर येऊन आंब्याच्या सावलीत बसले. पाणी चढताना आवाज येत नाही. दगडाचा रंग तेवढा गडद होत जातो. बाराला ताट दिसेनासं झालं.

दुपार मोठी होती. शेवंतीच्या वाफ्यातून वास येत होता, आणि तो वास आला की मला किशोर शाळेतून आल्यावर दप्तर बांधावर टाकून फुलांच्या पाट्यांमध्ये लपायचा ते आठवतं. मी सगळीकडे हाका मारत हिंडायची आणि तो पाटीखालून माझे पाय बघत हसू दाबायचा. मला माहीत असायचं तो कुठं आहे ते. तरी मी हाका मारत हिंडायची. त्याला आवडायचं म्हणून.

पाचला वकिलांकडचा लखन कागद घेऊन आला. बोलका माणूस. ओट्यावर बसून घरच्या शेवेबरोबर चहा घेतला, वर मिठाची चौकशी केली, "काय काकू, शेवेत मीठच नाय वाटतं?" मग निकितानं डोळ्यांनी दाबल्यावर चपापला. "घाई नाय काकू. फक्त पुढं रस्त्यावर ट्रॅफिक लागतं ना, म्हणून."

सव्वापाचला मी उठले. तेव्हा हेही उठले. ते या विहिरीत सात वर्षांत उतरले नव्हते. त्यांच्या काखेला काहीतरी होतं, मी पाहिलं नाही. एका हाताने भिंत आणि एका हाताने माझा खांदा धरून, एकेक पायरी गुडघा सांभाळत, ते माझ्याबरोबर खाली आले.

पाणी बाराव्या पायरीवर होतं. ताट नवव्यावर, जिथं ठेवलं तिथंच. रिकामं. शीतही नव्हतं, खिरीचा ओघळ नव्हता; मी घासलं होतं त्याहून स्वच्छ. मी वाकून वरच्या कडेला बोट फिरवलं. ओलं, थंड स्टील. बोट जिभेला लावलं. काही नाही. गोडं पाणी.

"नाही ना?" हे म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. त्यांना मीठ हवं होतं, माझ्याइतकंच.

मी वर आले, ओट्यावर बसले, लखननं दाखवलं तिथं सही केली. तीन ठिकाणी होती. तिसऱ्या वेळी माझं नाव मलाच परक्या बाईचं वाटलं. लखननं कागद फायलीत घातले, "येतो काकू" म्हणून पाया पडला आणि अडून बसलेल्या मोटरसायकलला किका मारत राहिला.

हे अजून खालीच होते. काठावर जाऊन पाहिलं तर ते पाण्याशी उकिडवे बसलेले, आणि हातात देवघरातली ती बाटली. झाकण उघडून त्यांनी पाणी ओंजळीत घेतलं आणि उजव्या अंगठ्यावरून, पितरांना देतात तसं, विहिरीत सोडलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बाटली पालथीच केली. तोंडाने मंत्र नव्हता. "पी रे," एवढंच म्हणाले. सात वर्षं देवघरात थांबलेलं ते पाणी त्या पाण्यात मिसळताना मी पाहिलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. निदान एकाची तरी इच्छा पुरी झाली.

ते वर आले तेव्हा दिवेलागण झाली होती. गुरुवारचा उपास सोडायचा म्हणून निकितानं स्वयंपाकघरात फरशीवर ताटं मांडली होती. आम्ही दारात पोचलो तर ती आत, भिंतीला पाठ लावून, हातात तशीच पळी धरून उभी.

"आई," ती म्हणाली, "मीठ तू वाढलंस?"

"मी आत्ताच तर येतेय."

"बाबा?"

यांचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"मी ताटं मांडली, खीर घ्यायला वळले," निकिता सांगत होती, हळू, धड्यातलं वाचल्यासारखं, "आणि पुन्हा इकडे बघितलं."

तीन ताटं होती. तिन्हींच्या वरच्या कडेला, मधोमध, मीठ होतं. आमच्या डब्यातलं बारीक, पांढरं नव्हे. जाडं, करडं, ओलसर, चिमटीतून सुटलेल्या आकाराचं. यांच्या ताटात एक चिमूट. निकिताच्या ताटात एक. माझ्या ताटात दोन.

आणि भिंतीकडेला, जिथं त्याचा पाट असायचा, तिथं उघड्या फरशीवर एक चिमूट होती. तिथं ताट नव्हतं. निकितानं तीनच मांडली होती.

बाहेर मोटरसायकल एकदाची चालू झाली, फाटकाकडे वळली. यांनी तो आवाज ऐकला आणि, ज्यांना दोन पायऱ्या चढताना थांबावं लागतं ते, अनवाणी धावत ओट्यावरून उतरले, "लखन! ओ लखन! कागद... थांबा!" निकिता त्यांच्या मागं धावली. त्यांच्या हाका शेवंतीच्या वाफ्यांतून लांब लांब जात राहिल्या आणि मोटरसायकलचा आवाज त्यांच्याही पुढं.

मी धावले नाही. मळ्याकडून आणखी एक आवाज येत होता, इतके दिवस कधी न आलेला. दगडी पायऱ्यांवरून पाणी चढण्याचा. ओहोटी संपली होती. आता ते नवव्या पायरीशी थांबेल, असं मला वाटेना.

मी फडताळातून चौथं ताट काढलं, पदराने पुसलं, आणि ती चिमूट मोडू नये अशा बेताने तिच्याशेजारी मांडलं. मग खिरीचं पातेलं ओढून घेतलं. मीठ त्याने वाढलं होतं. बाकीचं वाढायचं काम माझं.